पवनारच्या थांब्यावरची आरोळी

बोरगाव मेघ्यात जयवंताबाईच्या घराइतकं तयारीचं घर दुसरं नव्हतं. पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात दिल्लीकडे कुणी ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब घालून ते बसमध्ये, रस्त्यावर ठेवून दिले, लोकांनी ते फुकटचे समजून उचलले आणि जिवानिशी गेले. ही बातमी रेडिओवर ऐकली त्या दिवसापासून जयवंताबाईचं डोकं त्यातच होतं. नवरा प्रभाकरराव. वर्ध्यात त्यांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं छोटं दुकान होतं. ते हसायचे.

"इथं बोरगावात कोन येते बॉम ठेवाले? आपली तूर उडवाची हाय का त्याईले?"

"पुलगाव किती लांब हाय?" जयवंताबाई विचारायची. "मिल्ट्रीचा सारा दारूगोळा तिथं हाय. अन दिल्लीची गाडी तर रोज वर्ध्याहून जाते. तुमाले हसू येते काऊन, तेच मले समजत नाई."

प्रभाकरराव चपला घालून दुकानाकडे निघायचे.

जूनमध्ये महिला मंडळानं प्रथमोपचाराचा आठ दिवसांचा वर्ग घेतला. शिकवायला सदाशिवराव होते, लष्करी दवाखान्यात बावीस वर्षं काढून घरी आलेले. आवाज बारीक, पण शिस्त कडक. वर्गात अठरा बायका. पट्टी बांधण्यात जयवंताबाईचा हात धरणारी त्यांत एकही नव्हती. कोपराची, गुडघ्याची, डोक्याची पट्टी ती बघता बघता बांधायची. मोडलेला पाय धडक्या पायाला कसा बांधायचा, मध्ये कापड कसं भरायचं, गाठ कुठं मारायची, सगळं तिनं वहीत चित्रं काढून उतरवलं होतं. सदाशिवरावांनी एक गोष्ट मात्र तीनदा सांगितली होती. बेवारस वस्तू दिसली तर हात लावायचा नाही आणि ओरडायचंही नाही. "बॉम्ब नंतर मारतो," ते म्हणाले, "पळापळ आधी मारते. एकेकाजवळ जायचं, हळू आवाजात सांगायचं, माणसं बाजूला काढायची आणि मग पोलिसांना कळवायचं."

हे वाक्यही जयवंताबाईनं वहीत लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

घरात तिनं सगळं लावून घेतलं. दाराशी वाळूची बादली आली. रेशनकार्ड, दाखले, शेताचा सातबारा असं सारं एका पत्र्याच्या डब्यात गेलं, आणि तो डबा कुणी कुठं न्यायचा तेही ठरलं. कापसाच्या पट्ट्या उकळून, वाळवून डब्यात भरल्या. नऊ वर्षांच्या रुख्मिणीच्या दप्तराला आतून नाव, गाव, बापाचं नाव लिहिलेलं फडकं शिवलं. सासू अनुसयाबाईंना ती स्वैपाक करता करता मध्येच विचारायची, "आत्याबाई, धमाका झाला तर तुमी कुठी जान?"

"मारुतीच्या देवळामांगं," अनुसयाबाई कंटाळून सांगायच्या. "अन आंधी गॅस बंद करीन. अन रुख्मीचा हात धरीन. झालं का वं आता? भाकर दे."

रुख्मिणीचे तर सगळे नियम पाठ होते. रस्त्यावरचं पेन उचलायचं नाही, डबा उचलायचा नाही, खेळणं उचलायचं नाही, ट्रान्झिस्टर तर नाहीच नाही. आणि सगळ्यात वरचा नियम, काही झालं तरी आईला खरं सांगायचं.

त्या वर्षी महालक्ष्म्या सप्टेंबरच्या शेवटी आल्या. जयवंताबाईचं माहेर धाम नदीच्या पलीकडे, पवनारपासून कोसभर. महालक्ष्म्यांचं जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती रुख्मिणीला घेऊन परत निघाली. भावानं बैलगाडीनं पवनारच्या थांब्यावर आणून सोडलं आणि तो गेला. दुपारचे तीन वाजले असतील. थांब्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं वर्ध्याच्या बसची वाट बघत होती. नागपूरहून येणारी बस उशिरा होती. शेडच्या तोंडाशी चंद्रभान नावाचा फुटाणे-शेंगदाणेवाला टोपली मांडून बसला होता. मोठा गमत्या माणूस. पुडीचा रिकामा कागद फुगवून गिऱ्हाइकाच्या कानाशी फट्कन फोडायचा आणि म्हणायचा, "फुटला बॉम, घ्या शेंगदाने!" लोक हसायचे.

जयवंताबाई मागच्या भिंतीशी उभी होती. तिथं बाकाखाली एक निळी रेक्झिनची पिशवी होती. पिशवीजवळ कुणी नव्हतं. तिनं इकडंतिकडं बघितलं. पिशवीच्या तोंडातून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दिसत होतं, आणि टॉवेलमधून एक चकचकीत तार वर आली होती.

"कोनाची हाय जी ही पिशवी?" तिनं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. आता काय करायचं ते तिला पाठ होतं. ती रुख्मिणीचा हात धरून एक पाऊल मागे सरली, आणि त्याच वेळी पिशवीतून खर्रर्र असा आवाज आला.

"बॉम! बॉम हाय! पळा!"

आरोळी तिच्याच तोंडून निघाली होती. इतकी मोठी, की रुख्मिणीनं दचकून कानावर हात ठेवले. पुढं बसलेल्या चंद्रभाननं मागं न बघताच तेच ओरडायला सुरुवात केली, "पळा, पळा, बॉम हाय!" आणि शेड फुटल्यासारखं झालं. माणसं एकमेकांच्या अंगावरून बाहेर पडली. टोपली उलटली. कुणी पुलाकडे धावलं, कुणी शेतात.

त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडच्या हापशीवर पाणी पिऊन एक म्हातारी शेडकडे येत होती. आनंदाबाई तिचं नाव. कानानं थोडी कमी. माणसं का धावतात ते तिला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं की शेड रिकामं झालंय आणि आत आपली पिशवी आहे. ती पिशवीकडे निघाली आणि समोरून आलेल्या लोंढ्यानं तिला नालीच्या दगडी काठावर फेकलं.

पिशवीत तिच्या मुलाचा, रूपरावचा, ट्रान्झिस्टर होता. बिघडलेला. आपोआप चालू व्हायचा, खरखरायचा आणि बंद पडायचा. वर्ध्याला दुरुस्तीला चालला होता.

जयवंताबाई शंभर पावलांवर बाभळीखाली थांबली. मागं वळून बघितलं तर नालीजवळ म्हातारी पडलेली, आणि तिचा एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. धमाका काही झाला नव्हता. पिशवीतून कुणीतरी बाजारभाव सांगत होतं.

रुख्मिणीला बाभळीखाली उभी करून ती धावत आली. म्हातारीला कुणी उचलायला लागलं होतं, त्यांना तिनं थांबवलं. "हलवू नोका! कोनीच हलवू नोका!" तिनं मागितला तसा चंद्रभाननं खांद्यावरचा गमछा काढून दिला, तो तिनं दोन्ही पायांच्या मध्ये भरला. स्वतःच्या बाजारपिशवीतलं महालक्ष्म्यांच्या सणाला माहेरून मिळालेलं नवं लुगडं फाडून मोडका पाय धडक्या पायाला चार ठिकाणी बांधला. एका घराचं दार काढून आणायला लावलं आणि दारावर निजवून म्हातारीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. ट्रॉलीत ती स्वतः म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रुख्मिणी कोपऱ्यात बाजारपिशवी धरून बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाय कुणी बांधला?" लोकांनी तिच्याकडे बोट केलं. "उत्तम काम केलंत. असंच उचलून आणलं असतं तर हाड कातडीबाहेर आलं असतं, रक्त गेलं असतं."

संध्याकाळच्या सुमारास रूपराव आला. शेतातून तसाच, पायाला चिखल. त्यानं आईकडे बघितलं, मग जयवंताबाईच्या पाया पडायला वाकला. ती मागे सरली.

"ताई, तुमी नसत्या तं माय गेली असती मायी," तो म्हणाला. मग उभा राहून त्यानं विचारलं, "कोन ओरडलं व्हतं जी? तुमी तं तिथंच व्हत्या."

जयवंताबाईनं तोंड उघडलं. सांगायचंच होतं तिला. पण भोवती दहा माणसं होती, सगळी तिच्याकडे देवीकडे बघावं तशी बघत होती.

"मी मांगं होती," ती म्हणाली. "मले दिसलं नाई."

रुख्मिणी तिचा पदर धरून उभी होती. पोरीनं मान वर करून आईकडे पाहिलं.

घरी येताना रिक्षात रुख्मिणीनं विचारलंच. "आई, तूच ओरडली व्हतीस ना?"

"हळू बोल."

"पन तूच ना?"

"कोनाले सांगू नोको," जयवंताबाई म्हणाली. "बाबाले पन नाई. समजलं?"

पोरीनं मान हलवली. त्या दिवसानंतर रुख्मिणीनं आईला नियमांबद्दल काही विचारलं नाही, आणि आईनंही तिच्याकडून ते म्हणवून घेतले नाहीत. पत्र्याचा डबा, वाळूची बादली होती तिथंच होती. अनुसयाबाईंच्या मात्र ध्यानात आलं. "बाई, चार दिस झाले, तू मले धमाक्याचं इचारलं नाई. तब्येत तं बरी हाय ना तुही?"

जयवंताबाई एक दिवसाआड दवाखान्यात जाऊ लागली. मुगाचं पाणी, मऊ भात, कधी ज्वारीची आंबील घेऊन. आनंदाबाईच्या पायाला वजन लावून ठेवलं होतं. म्हातारीला ती आली की फार बरं वाटायचं. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरायची. "मले लेक नाई, पन तू आली," म्हणायची. आणि बोलता बोलता हमखास तिथंच यायची. "ज्यानं ओरडलं ना, त्याचं तोंड झडन. माया जिवाचा खेळ केला त्यानं."

जयवंताबाई मान खाली घालून चमचा पुढं करायची. तिला वाटायचं, इतकं केलं, आणखी करू, वर्षभर करू, पाय बरा होईपर्यंत करू, मग फिटेल. पण घरी जाऊन हातपाय धुतले की ती वाढलेलं ताट तसंच बाजूला सारायची.

ऑक्टोबरच्या मध्याला ती पुन्हा माहेरी निघाली होती, वडिलांना ताप होता. पवनारच्या थांब्यावर उतरली. शेडच्या तोंडाशी चंद्रभानची जागा रिकामी. पानटपरीवाल्याला तिनं सहज विचारलं.

"तो? त्याले हाकललं गाववाल्यायनं," तो म्हणाला. "बॉम बॉम करून त्यानंच तं बुढीचा पाय मोडला. नेहमीचीच गंमत त्याची. रूपरावनं दोन-चार ठेवून देल्ल्या, टोपली नालीत फेकली. आता येत नाई इकडं."

"त्यानं काई सांगतलं नाई?"

"म्हने, आंधी एक बाई ओरडली, मंग मी ओरडलो. कोन मानते? बाईचं नाव सांग म्हटलं तं सांगे ना."

जयवंताबाई तिथंच बाकावर बसली. ज्या बाकाखाली पिशवी होती त्याच. माहेरच्या गाडीवानानं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू आलं नाही. वडिलांकडे ती गेली, ताप बघितला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण वडील काय बोलले ते तिला आठवत नव्हतं. माणसाला मार बसला. तिच्या एका वाक्यानं बसला. 'मले दिसलं नाई.'

तरीही ती बोलली नाही. असेच आणखी पंधरा दिवस गेले. या पंधरा दिवसांचं ओझं तिला आरोळीपेक्षा जड गेलं. आरोळी घाबरून निघाली होती. हे पंधरा दिवस तिनं एकेक करून, जाणूनबुजून काढले होते.

मग महिला मंडळाच्या अध्यक्षा सुमित्राबाई घरी आल्या. दिवाळीच्या आधीच्या रविवारी जयवंताबाईचा सत्कार ठरला होता. शाल, नारळ, सदाशिवरावांचं भाषण. "आपल्या वर्गाचं नाव केलं तुमी," त्या म्हणाल्या. प्रभाकरराव खूष झाले. बायकोला हसायचे त्याची त्यांना लाज वाटत होती. "मी उगाच चेष्टा करत व्हतो तुही," ते म्हणाले. "मान्य करतो. सत्काराले नवा शर्ट घालून येईन."

रुख्मिणी कोपऱ्यात चित्र काढत बसली होती. तिनं रंगाची कांडी खाली ठेवली आणि आईकडे नुसतं पाहिलं. जयवंताबाई स्वैपाकघरात गेली, पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच परत ठेवला. बाहेर येऊन तिनं सुमित्राबाईंसमोरच नवऱ्याला सांगितलं.

"थांब्यावर मीच ओरडली व्हती."

प्रभाकररावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. सुमित्राबाई म्हणाल्या, "अवो, पन तुमी पाय तं बांधला! आता हे बाहेर कशाले काढता? कोनाले मालूम हाय?"

"रुख्मीले मालूम हाय," जयवंताबाई म्हणाली. "अन एक मानूस मायापायी मार खाऊन बसला हाय."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती डबा घेऊन पवनारला गेली. आनंदाबाईला दवाखान्यातून घरी आणून तीन दिवस झाले होते. म्हातारी ओट्यावरच्या बाजेवर टेकून बसली होती, रूपराव बैलांना वैरण टाकत होता. तिला बघताच म्हातारीनं हात पुढं केले. जयवंताबाई जवळ गेली नाही. अंगणातच उभी राहिली.

"आजी, मी काय म्हनते ते आयकून घ्या. बॉम म्हनून ओरडली ती मी. पिशवीत आवाज झाला, मी भेली अन ओरडली. दवाखान्यात रूपरावभाऊनं इचारलं, तवा मी खोटं बोलली."

म्हातारीला ऐकू आलं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण हात हळूहळू खाली गेले. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"जाय," ती म्हणाली. "डबा ठेवू नोको. जाय तू."

रूपरावच्या हातातली वैरण तशीच राहिली होती. "बाई," तो म्हणाला. आता तो ताई म्हणाला नाही. "मी त्या मानसाले मारलं. त्याच्या लेकरांदेखत मारलं. त्याची बायको पाया पडत व्हती माया."

"चला," जयवंताबाई म्हणाली. "कुठी असते तो आता?"

चंद्रभान आता सिंदी मेघ्यात, एका शाळेच्या फाटकासमोर बसत होता. टोपली नवी होती, पण अर्धीच भरलेली. रूपरावला येताना बघून तो उठून उभा राहिला आणि टोपली मागं सरकवली. रूपरावनं हात जोडले. जयवंताबाईनंच सगळं सांगितलं.

चंद्रभाननं ऐकून घेतलं. मग तिला म्हणाला, "मले मालूम व्हतं, वैनी. मी पुढं बसलो व्हतो तरी आवाज तं ओळखू येते. गमछा मांगतला तवाच समजलं."

"मंग नाव काऊन नाई सांगतलं?"

"मले तुमचं नाव कुठी मालूम व्हतं? तुमी बुढीचा पाय बांधून राह्यल्या व्हत्या. बोट दाखवलं असतं तं लोकायनं तुमालेच धरलं असतं, अन बुढी पडूनच राह्यली असती. म्हटलं, मंग सांगू." त्यानं टोपलीतले शेंगदाणे हातानं सारखे केले. "मंग तं मारलंच. इचारलं कोनी?"

रूपराव म्हणाला, "गावात चाल. मी चार लोकांयसमोर सांगतो मायी चूक झाली म्हनून."

"सांगा तुमी. सांगाच. पन मी थ्या थांब्यावर आता नाई बसत," चंद्रभान म्हणाला. "लोक हसतीन, शेंगदाने घेतीन, अन मले त्याईच्या हातातल्या चपला दिसतीन. इथं पोट्टे बरे हायेत." आणि तो परत खाली बसला. शाळेची मधली सुट्टी झाली होती.

सत्कार झाला नाही. पण रविवारी मंडळाच्या खोलीत जयवंताबाई गेली आणि वर्गातल्या सगळ्या बायकांसमोर घडलं ते सगळं सांगितलं, रिक्षात पोरीला जे बोलली तेही. सदाशिवरावांनी चष्मा पुसला. "मी तीन वेळा सांगितलं होतं," ते म्हणाले, "पण एकदाही करून घेतलं नाही. ओरडायचं नाही हे सांगून भागत नाही. घसा आपलं ऐकत नाही तेव्हा काय करायचं, ते शिकवायला हवं होतं." पुढच्या वर्गापासून त्यांनी ते शिकवलं. बायकांना अचानक दचकवायचे आणि दचकल्यावर हळू आवाजात बोलायला लावायचे. जयवंताबाईला त्यांनी सोबत घेतलं. बायकांमध्ये कुजबूज होती, दोघी-तिघींनी वर्ग सोडला. रुख्मिणी मात्र त्या दिवशी घरी येताना स्वतःहून आईचा हात धरून चालली होती.

आनंदाबाईकडून निरोप नव्हता. दिवाळी गेली. जयवंताबाई दर बुधवारी पवनारला जायची, ओट्याखाली उभी राहायची, रूपरावच्या बायकोजवळ डबा द्यायची आणि परत यायची. पहिले तीन डबे तसेच्या तसे परत आले. चौथा रिकामा आला.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी रूपराव बोरगावला आला. "मायनं बलावलं तुमाले," म्हणाला.

म्हातारी उन्हात बसली होती, शेजारी काठी. आता घरात चालत होती, पण पाय दोन बोटं आखूड झाला होता. जयवंताबाईला तिनं जमिनीवर बसवलं.

"तुले खरंच बॉम वाटला व्हता?"

"हो आजी."

"मंग पोरीले घेऊन चुपचाप पळाचं सोडून बोंबलली काऊन?"

"बाकीचे तिथंच बसले व्हते."

म्हातारी बराच वेळ काठीनं मातीत रेघा ओढत राहिली.

"ओरडली त्याचा राग गेला माया," ती शेवटी म्हणाली. "पन तुह्या हातानं मले घास चारू चारू तू तोंडानं चूप राह्यली, अन त्या गरिबाले मार खाऊ देल्ला, त्याचा राग नाई गेला. तो जाईन तवा जाईन. मी खोटं नाई बोलत."

"नोका बोलू, आजी."

"थंडीत लय ठनकते हा पाय. आतमंदी चुलीजवळ तेल हाय, गरम करून आन."

जयवंताबाई उठली. तेल कोमट करून आणलं, पदर खोचला आणि म्हातारीचा आखूड पाय मांडीवर घेऊन घोट्यापासून वर चोळायला लागली. म्हातारीनं डोळे मिटले. मध्येच एकदा म्हणाली, "जरा हळू."